आकृतिबंधांचा माग काढणारी पुस्तके

विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत एक गट असा आहे, की ती ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात लावावीत याचा निर्णय सहजी होत नाही. त्यांत वाळूवरच्या लहरी असतात, झेब्र्याचे पट्टे असतात, सूर्यफुलातील बियांची मांडणी असते. चार पाने उलटली की अलहम्ब्रा राजवाड्यातील फरशा, बाखचे संगीत, शहरांची वाढ आणि बाजारातील चढउतारही येतात. भौतिकी, प्राणिशास्त्र, गणित, कलासमीक्षा आणि समाजशास्त्र यांच्या सीमांवरून ही पुस्तके बिनदिक्कत ये-जा करतात. इंग्रजीत ज्याला ‘पॅटर्न’ म्हणतात, त्याचा शोध हा त्यांचा विषय. मराठीत त्यासाठी ‘आकृतिबंध’ हा शब्द रूढ आहे. साहित्यसमीक्षेने तो कविता-कादंबरीच्या घडणीसाठी वापरला आणि तो या पुस्तकांनाही नेमका लागू पडतो. कारण त्यात आकृती आहे आणि ती बांधून ठेवणारा बंधही आहे. आकृती टिपणे सोपे असते, तिच्यामागचा बंध दाखवणे अवघड. या गटातील चांगले पुस्तक आणि नुसते देखणे पुस्तक यांतील फरक इथे पडतो. विषय माणसांच्या समाजापर्यंत पोचला, की हा फरक केवळ अभिरुचीचा उरत नाही.

केप्लरची नववर्षाची भेट

या परंपरेचा आरंभ शोधायचा तर योहानेस केप्लरच्या १६११ सालच्या एका छोट्या लॅटिन पुस्तिकेपाशी थांबावे लागते. प्राग येथे राजगणिती असलेल्या केप्लरला दरबारातील एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट द्यायची होती आणि खिसा रिकामा होता. अंगरख्यावर पडलेले हिमकण पाहून त्याला विषय सुचला. लॅटिनमध्ये हिमाला ‘निक्स’ म्हणतात आणि जर्मन भाषेत ‘निख्ट्स’ म्हणजे ‘काहीच नाही’. तेव्हा ज्याच्यापाशी काही नाही त्याने हिमाची भेट द्यावी, अशी कोटी करून त्याने प्रश्न मांडला : हिमकण नेहमी षट्कोनीच का? पाच कोनांचा किंवा सात कोनांचा का नाही?

उत्तराच्या शोधात तो मधमाश्यांच्या पोळ्याकडे जातो, डाळिंबाच्या दाण्यांकडे वळतो, एकसारखे गोल कमीत कमी जागेत कसे रचता येतील याचा विचार करतो. फळवाला संत्री रचतो तीच रचना सर्वांत दाट, असे त्याचे अनुमान होते. ते सिद्ध झाल्याची घोषणा थॉमस हेल्स या गणितीने १९९८ मध्ये केली आणि संगणकाने तपासलेली त्याची सिद्धता २०१४ मध्ये पूर्ण झाली. हिमकणाचे कोडे मात्र केप्लरला सुटले नाही. त्याने ते प्रांजळपणे रसायनज्ञांवर सोपवले. क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकांची अंतर्रचना उलगडू लागल्यावर, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांनी, पाण्याच्या रेणूंची बर्फातील षट्कोनी जाळी दिसली आणि त्याचा कयास योग्य दिशेचा होता हे कळले. कणांच्या रचनेतून आकार घडतो, हा तो कयास.

केप्लरनंतरच्या काळात आकृतींचे संग्रह पुष्कळ झाले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८९९ ते १९०४ या काळात निसर्गातील कलारूपांची शंभर चित्रपत्रे प्रसिद्ध केली. जेलीफिश, प्रवाळ, सागरातील एकपेशीय जीवांचे काचेसारखे सांगाडे अशी ही चित्रे इतकी मोहक होती, की १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार रने बिने या वास्तुकाराने अशाच एका सांगाड्यावरून बेतले. इंग्रज संपादक थिओडोर कुक याचे १९१४ मधील ‘द कर्व्ह्‌ज ऑफ लाइफ’ शंख, वेली, शिंगे आणि गोल जिने एका सर्पिलाच्या सूत्रात ओवते. दोन्ही ग्रंथ आजही चाळावेसे वाटतात. पण हे आकार घडतात कसे, याचा उलगडा त्यांतून फारसा होत नाही.

डार्सी टॉम्सन : आकार म्हणजे बलांचा आलेख

तो प्रश्न ठामपणे विचारणारे पुस्तक १९१७ मध्ये आले. स्कॉटलंडमधील डंडी येथे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या डार्सी वेंटवर्थ टॉम्सन (१८६०–१९४८) यांचे ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ हे या सर्व पुस्तकांचे मूळपीठ मानले जाते. पहिली आवृत्ती जवळजवळ आठशे पानांची होती. १९४२ मधील सुधारित आवृत्ती अकराशे पानांच्या पुढे गेली. टॉम्सन ग्रीक आणि लॅटिनचे जाणकार होते, ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचा त्यांनी अनुवाद केला होता, आणि त्यांची गद्यशैली अशी, की विज्ञानाशी संबंध नसलेले वाचकही केवळ भाषेसाठी हे पुस्तक वाचतात.

डार्विननंतरच्या पिढीत प्राण्याच्या कोणत्याही अवयवाचा आकार ‘तो उपयोगी पडला म्हणून टिकला’ एवढ्या उत्तरावर समजावला जाई. टॉम्सन यांना ते उत्तर अपुरे वाटे. आकार का टिकला हे एक. तो मुळात निर्माण कसा झाला हे दुसरे. पाण्यात पडलेला शाईचा थेंब खाली उतरताना जेलीफिशसारखी छत्री उघडतो. त्या थेंबाला ना पूर्वज, ना जगण्याची स्पर्धा. तिथे केवळ द्रवाचे नियम काम करतात. मग जेलीफिशच्या आकारात त्या नियमांचा काही वाटा असणारच, असा त्यांचा युक्तिवाद.

शंखाचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण सर्वांत सुबोध आहे. शंखातला प्राणी वाढतो, पण शंखाचा आधी तयार झालेला भाग निर्जीव असतो. तो ताणता येत नाही, मोडून नव्याने बांधता येत नाही. नवी भर फक्त तोंडाच्या कडेला पडते. ही भर एका बाजूस थोडी अधिक आणि दुसऱ्या बाजूस थोडी कमी, परंतु सदैव त्याच प्रमाणात पडत राहिली, तर शंख वळत जातो आणि मोठा होऊनही त्याची आकृती तीच राहते. यातून जो वक्र तयार होतो त्याला गणितात लॉगरिदमी सर्पिल म्हणतात. मेंढ्याच्या शिंगालाही हेच लागू. तेही मुळाशी वाढते आणि आधीचा भाग तसाच राहतो. प्राण्याला गणित येण्याची गरज नाही. वाढीचा साधा नियम पाळला की वक्र आपोआप उमटतो.

हाडांविषयीचे प्रकरण तितकेच प्रसिद्ध आहे. १८६६ मध्ये झुरिक येथे कार्ल कुलमान या स्थापत्य अभियंत्याने मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतील जाळीदार तंतूंची दिशा पाहून तो चकित झाला; तो स्वतः आखत असलेल्या यारीच्या बाकदार दांड्यातील ताण आणि दाबाच्या रेषा हुबेहूब तशाच होत्या. भार जिथून वाहतो तिथे हाड दाट होते, जिथे भार नाही तिथे विरळ. टॉम्सन यांच्या मते कोणत्याही वस्तूचा आकार हा तिच्यावर काम केलेल्या बलांचा आलेख असतो, आणि हाडाच्या छेदात तो अक्षरशः वाचता येतो.

ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी एका माशाचे चित्र चौकटींच्या कागदावर काढून ती चौकट ताणली, वाकवली आणि दुसऱ्या जातीचा मासा मिळवला. काटेरी फुगा मासा अशा रीतीने सूर्यमाशात रूपांतरित होतो. जातीजातींमधील फरक सुट्या अवयवांचा नसून सबंध देहाच्या वाढीच्या वेगांतील आहे, हे त्यातून त्यांना दाखवायचे होते. संगणकाच्या साह्याने कवट्या व सांगाडे यांची तुलना करणारी आजची पद्धत याच कल्पनेची वंशज होय.

ग्रंथाचे दोषही उघड आहेत. आनुवंशिकतेला त्यांनी जवळजवळ जागाच दिली नाही आणि नैसर्गिक निवडीचे महत्त्व कमी लेखले. १९४२ च्या आवृत्तीतही, म्हणजे जनुकविज्ञान उभे राहिल्यानंतरही, त्यांनी हा हट्ट सोडला नाही. तरीही जीवशास्त्रज्ञांइतकाच चित्रकारांनी आणि वास्तुकारांनी हा ग्रंथ आपला मानला. १९५१ मध्ये रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने लंडनमध्ये याच नावाचे प्रदर्शन मांडले. स्वतः टॉम्सन १९४७ च्या आरंभी, वयाच्या ८६ व्या वर्षी, भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनासाठी विमानाने दिल्लीस आले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ट्युरिंगचे पट्टे

टॉम्सन यांनी ज्यावर फारसा हात ठेवला नाही तो प्रश्न म्हणजे कातडीवरील रंगांचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक लिपी उलगडण्यात मोठा वाटा असलेला ॲलन ट्युरिंग १९५२ मध्ये त्याकडे वळला. जीवांचे आकार रसायनांतून कसे घडत असावेत, यावरील त्याच्या शोधनिबंधातील मोजक्या संदर्भांत टॉम्सन यांचा ग्रंथ आहे.

ट्युरिंगची कल्पना वरवर उफराटी वाटते. विसरण, म्हणजे पदार्थाचे आपोआप पसरणे, सगळे एकसारखे करून टाकते. पाण्यात टाकलेला रंग अखेर सर्वत्र सारखाच होतो. पण दोन रसायने वेगवेगळ्या गतीने पसरत असतील आणि त्यांतील एक दुसऱ्याला आवर घालत असेल, तर हेच विसरण एकसारख्या पृष्ठभागावर ठिपके आणि पट्टे उमटवू शकते. एखाद्या गावातील अफवेचे उदाहरण घेता येईल. अफवा जिथे उठते तिथे ती स्वतःला वाढवते, पण आसपास हळूहळू सरकते. तिच्यामुळे निघणारा खुलासा मात्र झपाट्याने दूरवर पोचतो आणि तिथे नवी अफवा उठू देत नाही. परिणामी अफवेचे डाग ठरावीक अंतराअंतरावर उरतात. (प्रत्यक्षात अफवा वेगवान आणि खुलासा मंद असतो, हे वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायला नको, रसायनांचा व्यवहार याबाबत अधिक शिस्तीचा असतो.)

ट्युरिंग १९५४ मध्ये गेला आणि निबंध बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. गणिती जेम्स मरे यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की हे गणित खरे मानले तर अंगावर ठिपके असलेल्या प्राण्याच्या निमुळत्या शेपटीवर पट्टे असू शकतील, पण पट्टेदार प्राण्याला ठिपक्यांची शेपूट असणे कठीण. चित्त्याच्या शेपटीचे टोक पाहिले तर ते पटते. रसायनांच्या भांड्यात असे आकृतिबंध १९९० मध्ये बोर्दो येथील प्रयोगशाळेत प्रथम मिळाले. १९९५ मध्ये शिगेरू कोन्डो आणि रिहितो असाई या जपानी संशोधकांनी एका सागरी माशाच्या अंगावरील पट्टे त्याच्या वाढीबरोबर ट्युरिंगच्या समीकरणांप्रमाणेच दुभंगतात आणि सरकतात, असे दाखवून दिले.

हा सगळा इतिहास सामान्य वाचकासाठी सर्वांत नीट मांडला तो फिलिप बॉल या इंग्रज लेखकाने. ‘नेचर’ या नियतकालिकाचे संपादन अनेक वर्षे केलेल्या बॉल यांचे ‘द सेल्फ-मेड टॅपेस्ट्री’ १९९९ मध्ये आले. दहा वर्षांनी त्यांनी ते विस्ताराने पुन्हा लिहून आकार, प्रवाह आणि शाखा अशा तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखनाचा विशेष म्हणजे साम्य दिसले की ते तिथे थांबत नाहीत. नदीच्या उपनद्या, विजेचा लोळ आणि फुप्फुसातील नलिका तिन्ही फांद्यांसारख्या दिसतात, पण तिन्हींमागील कारण एक आहे की वेगवेगळे, हा प्रश्न ते प्रत्येक वेळी उपस्थित करतात. बरेचदा उत्तर ‘वेगवेगळे’ असे येते.

सुवर्ण गुणोत्तराचा मोह

ही दक्षता न पाळल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. १.६१८ या संख्येविषयीची पुस्तके जगभर खपतात आणि त्यांत पार्थेनॉन, पिरॅमिड, मोनालिसा आणि नॉटिलसचा शंख ठरलेले असतात. मारिओ लिव्हिओ या खगोलशास्त्रज्ञाने २००२ मधील आपल्या पुस्तकात या दाव्यांची एकेक करून झडती घेतली, आणि त्यांतील बहुतेक टिकले नाहीत. इमारत कुठून कुठवर मोजायची याची मुभा असेल, तर हवे ते गुणोत्तर काढता येते. नॉटिलसचा शंख लॉगरिदमी सर्पिल आहे हे खरे. पण अशा सर्पिलांना अंत नाही आणि सुवर्ण सर्पिल हा त्यांतील फक्त एक. प्रत्यक्ष मोजलेल्या शंखांचे गुणोत्तर सरासरीने चारास तीनच्या आसपास भरले. टॉम्सन यांचा उलगडा ज्याने वाचला त्याला यात नवल वाटणार नाही, कारण शंखाच्या वाढीच्या नियमात १.६१८ ला विशेष मान देणारे काहीच नाही.

सूर्यफुलात मात्र ते आहे. फुलाच्या गाभ्यातील बियांच्या डाव्या-उजव्या सर्पिल ओळी मोजल्या तर बहुधा ३४ आणि ५५ किंवा ५५ आणि ८९ अशा लगतच्या फिबोनाची संख्या मिळतात. प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून शक्य तितक्या मोकळ्या जागेत उगवतो आणि त्यामुळे दोन अंकुरांतील कोन सुमारे १३७.५ अंशांवर स्थिरावतो. स्तेफान दुआदी आणि इव्ह कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये चुंबकीय द्रवाचे थेंब एकापाठोपाठ एक सोडून तीच रचना मिळवली. तिथे वनस्पती नव्हती, थेंब केवळ एकमेकांना दूर ढकलत होते.

याच संख्यांचा कलेतील पत्ता आपल्या छंदःशास्त्रात आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा चरण किती प्रकारांनी भरता येईल? पाच. पाच मात्रांचा आठ, सहा मात्रांचा तेरा. चरणाचे शेवटचे अक्षर एक तर लघू असणार किंवा गुरू. म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची मिळते. आचार्य हेमचंद्रांनी हा नियम इ. स. ११५० च्या सुमारास दिला आणि त्यांच्याही काही शतके आधी विरहांकाला तो ठाऊक होता. पिसा येथील लिओनार्दोचे, म्हणजे फिबोनाचीचे पुस्तक १२०२ चे. इथे संख्या वृत्तांवर बाहेरून लादलेली नाही, ती मात्रांच्या व्यवहारातूनच निघते.

किनाऱ्याची लांबी आणि युद्धांची गणना

बेन्वा मान्देलब्रो याच्या १९८२ मधील ‘द फ्रॅक्टल जिऑमेट्री ऑफ नेचर’ या ग्रंथाने ढग, डोंगर आणि किनारे यांच्या खडबडीतपणाला गणित मिळवून दिले. ग्रंथ वाचायला कठीण, मांडणी विस्कळीत आणि लेखकाला स्वतःच्या अग्रक्रमाची फार काळजी. पण त्याचा मध्यवर्ती प्रश्न कोणालाही कळतो. १९६७ मध्येच त्याने विचारले होते : ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? उत्तर मोजपट्टीवर अवलंबून असते. पट्टी जितकी लहान, तितके अधिक कोनेकोपरे तिच्या हिशेबात येतात आणि लांबी वाढत जाते.

भारतीय वाचकाला याचा ताजा दाखला उपलब्ध आहे. देशाच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७,५१६.६ किलोमीटर अशी सांगितली जाई. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. समुद्र कुठेही पुढे आला नव्हता; आधीचे मोजमाप ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरचे होते आणि नवे अडीच लाखांस एक या प्रमाणाचे. मांडवी आणि झुवारीच्या मुखांनी, खाड्यांनी आणि खडकाळ टोकांनी विंचरलेल्या गोव्याच्या किनाऱ्याचा ‘सुमारे १०५ किलोमीटर’ हा परिचित आकडाही त्यामुळे एका विशिष्ट पट्टीचा आकडा ठरतो.

मान्देलब्रोला ही माहिती मिळाली ती लुईस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) याच्या कागदांतून, आणि त्याची कथा या साऱ्या विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे नेते. रिचर्डसन हवामानशास्त्रज्ञ होता आणि क्वेकर पंथाचा शांततावादी. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र न धरता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. हवामान खाते हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेल्यावर त्याने नोकरी सोडली आणि पुढे युद्धांच्या आकडेवारीत स्वतःला गाडून घेतले. दोन देशांची सामाईक सरहद्द आणि त्यांच्यातील युद्धे यांचा काही संबंध आहे का, हे त्याला पाहायचे होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की स्पेन आणि पोर्तुगाल आपली एकच सरहद्द ९८७ आणि १,२१४ किलोमीटर अशी दोन तऱ्हांनी सांगतात. प्राणघातक कलहांच्या सांख्यिकीवरील त्याचे पुस्तक मरणोत्तर, १९६० मध्ये निघाले.

समाजाचे आकृतिबंध

माणसांच्या समाजात नियमित आकृती सापडतात, हे बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने १८३५ मध्येच दाखवले होते. गुन्हे, विवाह, आत्महत्या यांचे वार्षिक आकडे आश्चर्यकारकरीत्या स्थिर असतात. पुढे त्याने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे मांडली, तर ती घंटेच्या आकाराच्या वक्रावर बसली. हाच वक्र ताऱ्यांच्या निरीक्षणांतील चुकांना लागू पडतो. त्यावरून केतलेने सरासरी माणूस हा निसर्गाचा आदर्श आणि बाकीची माणसे म्हणजे त्या आदर्शापासून झालेली चूक, असा अर्थ लावला. वक्र खरा होता. अर्थ त्याच्या पदरचा होता.

फ्रान्सिस गाल्टनने तोच वक्र घेऊन निराळा अर्थ लावला. त्याला सरासरी नको होती, वक्राचे एक टोक हवे होते. मानववंश ‘सुधारण्या’च्या शास्त्राला १८८३ मध्ये त्याने ‘युजेनिक्स’ असे नाव दिले. १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढील दशकांत त्या देशातील अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. आकृती दाखवणारा आलेख आणि कारण न शोधता काढलेला निष्कर्ष यांतील अंतर किती महाग पडू शकते, ते इथे दिसते. या विषयावरील लोकप्रिय पुस्तकांपैकी फार थोडी या प्रकरणाला पुरेशी जागा देतात.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाचे १९७८ मधील ‘मायक्रोमोटिव्ह्‌ज अँड मॅक्रोबिहेव्हियर’ हे पुस्तक या दृष्टीने आवर्जून वाचावे. त्याने चौकटीच्या पटावर दोन प्रकारची नाणी विखुरली आणि एकच नियम केला : शेजाऱ्यांपैकी निदान एक-तृतीयांश आपल्यासारखे असावेत, नसतील तर नाण्याने जागा बदलावी. एवढी मवाळ अपेक्षा. तरी काही खेळ्यांतच पट दोन रंगांच्या सलग वस्त्यांत फाटतो. कोणाचीही इच्छा विभक्त शहराची नव्हती आणि शहर विभक्त झाले. २००५ मध्ये शेलिंगला नोबेल मिळाले आणि हा पट समाजाच्या आकृतिबंधांवरील जवळजवळ प्रत्येक पुस्तकात जाऊन बसला.

तिथे तो बहुधा अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेतील काळ्या आणि गोऱ्या वस्त्या प्रत्यक्षात निव्वळ अशा मवाळ आवडीनिवडीतून फाटल्या नव्हत्या. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवून काळ्यांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या. काळ्यांना घर विकू नये असे करार खरेदीखतांत घातले जात. म्हणजे एकच आकृती दोन अगदी भिन्न कारणांनी उमटू शकते. पट पाहून ‘यात कोणाचाच दोष नाही’ म्हणणारा आणि नकाशा पाहून ‘हे सगळे द्वेषातूनच’ म्हणणारा, दोघेही आकृतीवरून कारण ओळखू पाहतात. त्यासाठी दस्तऐवज उघडावे लागतात. फिलिप बॉल यांचे ‘क्रिटिकल मास’ (२००४) समाजाच्या भौतिकीचा मोठा आढावा घेते आणि ही मर्यादा मान्य करते. जेफ्री वेस्ट यांचे ‘स्केल’ (२०१७) त्या मानाने अधिक उत्साही आहे. शहर दुप्पट झाले की दरडोई उत्पन्न, शोध आणि गुन्हेही सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतात, हा त्यातील नियम लक्षवेधी असला, तरी एखादे शहर नियमाबाहेर का राहते हे समजण्यासाठी वाचकाला त्या शहराच्या इतिहासाकडेच जावे लागते.

कोसंबींची नाणी

आकृती आणि कारण यांची सांगड घालण्याचा एक उत्तम नमुना गोमंतकीयांच्या घरचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचा जन्म गोव्यातील कोसबेन येथे झाला. ते व्यवसायाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९४० च्या सुमारास सांख्यिकीसाठी एखादा प्रत्यक्ष प्रश्न हवा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. या नाण्यांवर ठसे असतात, राजांची नावे नसतात. मग कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे कसे ठरवायचे?

कोसंबींनी ती तोलली. व्यवहारात फिरणारे नाणे झिजते. जितका काळ फिरेल तितके त्याचे वजन घटते. एका काळच्या नाण्यांची सरासरी उतरते आणि त्यांच्यातील परस्पर फरक वाढतो. हे गृहीत न धरता त्यांनी चलनातल्या तत्कालीन नाण्यांवर तपासून पाहिले. तक्षशिलेच्या साठ्यांतील नाण्यांच्या मागील बाजूस जितके छोटे ठसे अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. ठरावीक काळाने नाणी पारखली जात आणि त्या वेळी ते ठसे मारले जात, असा अर्थ त्यांनी लावला. साठ्याचा काळ ठरवायला स्वतंत्र आधारही होता : एका साठ्यात अलेक्झांडरची जवळजवळ न झिजलेली नाणी होती. तराजूच्या काट्यावरून राजवटींचा क्रम लागला, कारण झिजेचा प्रत्येक टप्पा कशामुळे घडतो हे आधी ठरवलेले होते.

पुढे इतिहासाकडे वळल्यावरही त्यांनी हीच रीत ठेवली. पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून त्यांनी लघुपाषाण हत्यारांची स्थाने आणि देवींची ठाणी नोंदवली, आणि पंढरीच्या वारीच्या वाटा प्रागैतिहासिक पशुपालकांच्या हंगामी वाटांशी जुळतात, असे मत मांडले. ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या त्यांच्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवरही एक प्रकरण आहे. मतभेदाला त्यात जागा पुष्कळ आहे. पण वाचकाला पुरावा आणि अनुमान यांची सीमा कुठे आहे ते दिसते.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने टॉम्सन यांच्या मूळ ग्रंथाने आरंभ करू नये. जॉन टायलर बॉनर यांनी १९६१ मध्ये केलेली संक्षिप्त आवृत्ती पुरते. त्याहून सोपे हवे असल्यास वास्तुकार पीटर स्टीव्हन्स यांचे ‘पॅटर्न्स इन नेचर’ (१९७४) आहे, किंवा इयन स्टुअर्ट यांचे छोटेखानी ‘नेचर्स नंबर्स’ (१९९५). सममितीसाठी हेर्मान वाइल यांची १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आलेली व्याख्याने अजून मागे पडलेली नाहीत. अझुलेजोच्या फरशा रोज पाहणाऱ्या पणजीकराला त्यांतील नक्षीविषयीचे प्रकरण विशेष रुचेल. डग्लस हॉफस्टॅटर यांचे गणित, एशरची चित्रे आणि बाखचे संगीत एकत्र गुंफणारे पुलित्झर विजेते पुस्तक (१९७९) ७७७ पानांचे आहे आणि सवडीनेच हाती घ्यावे. कोसंबींचे नाण्यांविषयीचे निबंध ‘इंडियन न्युमिस्मॅटिक्स’ या १९८१ मध्ये निघालेल्या संग्रहात एकत्र वाचता येतात. त्यांतील आलेख समजायला शालेय गणिताहून थोडेच अधिक लागते.